पाइनचे जंगल जाळतात, मग आपला पातेरा का नको?

प्रश्न : मुलगा ॲरिझोनात असतो. तिथे वनखातेच पाइनच्या जंगलाला आग लावते आणि त्यामुळे जंगल निरोगी राहते, असे तो सांगतो. आमची काजूबागायत जंगलाला लागून आहे; मार्च आला की वणव्याची धास्ती. फेब्रुवारीतच पातेरा पेटवून टाकला तर काय बिघडले? – एक बागायतदार, सत्तरी (गोवा)

उत्तर : मुलगा सांगतो ते खरे आहे, पण ते पाँडेरोसा पाइनपुरते. या झाडाची साल जाड असते, वरचे पापुद्रे जळत गळून पडतात आणि खालच्या फांद्या आपोआप झडतात. विजेने लागणारी जमिनीलगतची आग तिथे काही वर्षांच्या अंतराने येतच असे. विसाव्या शतकात प्रत्येक आग विझवण्याचे धोरण आले, तेव्हा सुया, म्हणजे पाइनची गळलेली सुईसारखी पाने, साचल्या, बारकी झाडे दाटली आणि त्यांची शिडी धरून आग शेंड्यापर्यंत चढू लागली.

म्हणून तिथे आधी बारकी झाडे तोडतात. जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती साचलेला सुयांचा थर दाताळ्याने मागे ओढतात. तो तासन्‌तास धुमसला तर वरून धडधाकट दिसणारे झाड मुळाशी मरते. मग हवेची आर्द्रता, वारा आणि सुयांचा ओलावा ठरलेल्या मर्यादेत आहे ना, ते मोजतात आणि आधी एका कोपऱ्यात आग लावून बघतात. सुरुवात उताराच्या वरच्या कडेने, वाऱ्याच्या उलट दिशेने करतात, म्हणजे आग सावकाश खाली उतरते. काम संपल्यावर राखेवर उलटा हात धरून ऊब तपासतात.

एवढे करूनही आग हातची सुटते. न्यू मेक्सिकोत जानेवारी २०२२ मध्ये पेटवलेले लाकडांचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले आणि एप्रिलमध्ये भडकले. दुसरीकडे मुद्दाम लावलेली आगही वाऱ्याने सुटली. दोन्ही एक झाल्या आणि ३ लाख ४० हजारांहून अधिक एकर जळाले.

आपल्या सह्याद्रीतली बहुतेक झाडे अशा आगीसाठी घडलेली नाहीत. रोपे मरतात आणि मोकळ्या जागेत रानमोडी हे तण माजते, जिच्या वाळक्या काड्या पुढच्या वर्षी आणखी जोरात पेटतात. फेब्रुवारीत काजूचा मोहोर आणि कोवळी बोंडे झाडावर असतात, तीही धगीने करपतील. शिवाय राखीव जंगलाला आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. अभयारण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३० वेगळे आहे.

तुम्ही जाळरेषा काढा. जानेवारीअखेर हद्दीवरचा किमान ३ मीटर पट्टा कोयत्याने साफ करून माती दिसेपर्यंत झाडा. उताराच्या खालच्या बाजूला पट्टा ५ मीटर तरी हवा, कारण आग चढणीला धावते. झाडलेला पातेरा जंगलाच्या कडेला ढकलू नका. काजूच्या आळ्यात घाला, पण बुंध्यापासून हातभर लांब.

प्रश्न : जाळरेषा होती, तरी आग आत आली. कशी? – एक वाचक, सांगे

उत्तर : पट्टा एकदाच झाडला असणार. पानगळ चालूच असते. पंधरा दिवसांत पातेऱ्याचा पूल तयार होतो. पट्ट्यावर आडवे पडलेले वाळके खोडही वातीसारखे आग आत आणते, तेव्हा ते कापून बाजूला काढा. हद्दीजवळ उभे वठलेले झाड असेल तर त्यावरही नजर ठेवा. त्याच्या ठिणग्या वाऱ्याने कितीही रुंद पट्टा ओलांडतात.