एकाच ट्रान्सफॉर्मरची देशोदेशी वेगळी नावं का, आणि ती कशी शोधायची?

ट्रान्सफॉर्मर म्हणजे रूप बदलणारे खेळण्यातले रोबो. ही खेळणी मुळात जपानच्या ताकारा कंपनीची, डायाक्लोन आणि मायक्रोमन या मालिकांतली. हास्ब्रो या अमेरिकी कंपनीनं ती घेऊन 1984 मध्ये अमेरिकेत नव्या नावांनी आणली, आणि 1985 मध्ये हा सगळा पसारा जपानला परत गेला तेव्हा तिथे काही नावं पुन्हा बदलली. मुख्य नायक ऑप्टिमस प्राइम झाला कॉन्वॉय, जॅझ झाला माइस्टर, बंबलबी नुसता बंबल. मेगाट्रॉन मात्र मेगाट्रॉनच राहिला. इटलीत प्राइमला कमांडर म्हणत.

खरी गोची कॉन्वॉयची. जपानमध्ये ते एकट्याचं नाव उरलं नाही, पुढच्या कित्येक नायकांना लागलं. तिथला बीस्ट कॉन्वॉय म्हणजे अमेरिकेतला ऑप्टिमस प्रायमल, म्हणजे निराळंच पात्र! त्यामुळे नुसतं ‘कॉन्वॉय’ शोधू नका; मालिका आणि वर्ष सोबत घ्या.

आपल्या यादीत नोंद करताना आधार खोक्यावरच्या छापील नावाचा घ्या. कॉमिक आणि कार्टूनमधली नावं वेगळ्या रकान्यात, कारण डबिंगवाले आपल्या सोयीनं नाव ठेवतात. खेळण्यावर कोरलेल्या सालावर विसंबू नका, ते बरेचदा ताकाराच्या जुन्या साच्याचं असतं.

आणि हो, ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा कायदेशीर हक्क. तो हाती नसला की त्याच पात्राचं नाव थोडं बदलावं लागतं. हॉट रॉड पुढे बऱ्याचदा रॉडिमस नावानं विकला गेला, जॅझच्या खोक्यावर ‘ऑटोबॉट जॅझ’ आलं. ही नवी पात्रं समजून यादी फुगवू नका.