स्क्रीनसाठी फोटो: आधी साईज, मग शार्पन

फोटो छान आहेत तुमचे, फक्त स्क्रीनसाठी लहान आणि शार्पन करायच्या शेवटच्या टप्प्यात बिघडतायत, आणि ते सुधारणं अजिबात अवघड नाही.

पहिलं म्हणजे ते ७२ की ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) डोक्यातून काढूनच टाका, तो आकडा प्रिंटसाठी, स्क्रीनला फक्त पिक्सेल कळतात. तुमचा २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० असतो आणि फुल एचडी मॉनिटर १९२० बाय १०८०, म्हणजे पूर्ण फोटो दिसायला तो जेमतेम १६२० बाय १०८० एवढा लहान व्हावाच लागतो. ते लहान करणं ब्राउझरवर सोडू नका, स्वतः करा, लांब बाजू २०४८ ठेवली तरी सुरुवातीला भरपूर झालं.

आता शार्पनिंग, म्हणजे फोटोतल्या कडा ठळक करणं, इथेच सगळे घसरतात. मूळ मोठ्या फोटोवर मारून मग लहान केला की बराचसा परिणाम धुऊन जातो, म्हणून माणूस अजून मारतो आणि मग किल्ल्याच्या तटाभोवती, डोंगराच्या कडेला ती पांढरी रेघ उमटते. म्हणून:

- आधी रिसाईझ, शार्पन सगळ्यात शेवटी, आणि तेही कॉपीवर
- रेडियस (कडेभोवती किती रुंद परिणाम) ०.३ ते ०.५ पिक्सेल, अमाउंट (परिणामाचा जोर) हळूहळू वाढवा, रेघ दिसली की मागे या
- बघायचं १०० टक्के झूमवरच
- एक्सपोर्ट एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत), नाहीतर रंग फिके दिसू शकतात

हललेला फोटो यातून सुधारत नाही हं. मास्किंग (फोटोच्या ठराविक भागालाच शार्पन करणं) वगैरे आत्ता नकोच, आधी एकच फोटो तीन वेगवेगळ्या अमाउंटला काढा आणि मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवून बघा.