मेहर म्हणजे उलटा हुंडाच ना? आणि तो बाईच्या हातात खरंच पडतो का?

उलटा हुंडा नाही. हुंडा या घरातून त्या घरात जातो, नवरी नुसती बघत बसते. मेहर मुसलमानांच्या लग्नात, निकाहात, ठरतो आणि तो नवऱ्याने थेट बायकोला द्यायचा. तिच्या बापाचाही त्यावर हक्क नाही. कुराणात सूरह निसा या अध्यायाच्या चौथ्याच आयतीत हे आलंय. तुमचा दुसरा प्रश्न मात्र खरा अवघड.

आम्ही रत्नागिरीकडचे. आजोबा गेले तेव्हा मी नववीत होते. जनाजा उचलायच्या आधी बायकांनी आजीला मय्यतीपाशी आणून बसवलं आणि एकीने कानात सांगितलं, "मेहर माफ केला म्हण." आजी म्हणाली. किती होता? सव्वाशे रुपये. पन्नास वर्षांच्या संसारात ते दिलेच नव्हते. खरं तर न दिलेला मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज असतं, वारसांच्या वाटण्यांआधी फेडायचं. आणि माफी आपखुशीने दिली तरच ती माफी. समोर मय्यत, भोवती वीस बाया, त्यात कसली आलीय खुशी?

मेहर दोन तऱ्हेचा. मुअज्जल म्हणजे बायको मागेल तेव्हा द्यायचा. मुवज्जल म्हणजे उधार, बहुधा तलाक किंवा मृत्यूपर्यंत लांबलेला. उर्दू लिपीत एकात ऐन हे अक्षर, दुसऱ्यात वाव या अक्षरावर हमजाची खूण. कानाला दोन्ही जवळपास सारखेच. वकील (कोर्टातला नव्हे, नवरीची संमती घेणारा तिचा प्रतिनिधी) आणि दोन साक्षीदार नवरीच्या खोलीत येतात, भरभर विचारतात, ती मान हलवते, झालं.

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न 1998 सालचं. मेहर अकरा हजार, मुवज्जल. तेव्हा त्यात दोन तोळ्यांहून जास्त सोनं आलं असतं. 2017 मध्ये तलाक झाला आणि अकरा हजार मिळाले, एका रुपयाची फसवणूक नाही. त्यात एक अंगठी झाली असती, तीही हलकी. (तलाकनंतर मेहर थकवला तर तलाकशुदा मुस्लिम बायकांच्या हक्कांच्या 1986 च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटकडे मागता येतो. बाईने स्वतःहून तलाक मागितला, ज्याला खुला म्हणतात, तर मात्र बहुतेक वेळा मेहरवर पाणी सोडावं लागतं.)

जहेज, म्हणजे हुंडा, आमच्यातही चालतो, उगाच नाकारत नाही. मुलाकडच्यांना बाइक हवी, फर्निचर हवं. मेहरची गोष्ट निघाली की मात्र सगळ्यांना सुन्नतचा, म्हणजे पैगंबरांच्या रीतीचा, साधेपणा आठवतो. त्यात आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आमच्याकडे मेहरला किमान मर्यादाच नाही. हनफी या दुसऱ्या पंथात निदान दहा दिरहम, म्हणजे साधारण तीस ग्रॅम चांदी. इराणमध्ये दुसरं टोक: मेहर सोन्याच्या नाण्यांत, तोही शेकड्यांनी, आणि तो न दिल्याबद्दल नवरे तुरुंगात गेलेत.

माझ्या वेळी मी अब्बांना आधीच सांगून ठेवलं होतं: रुपये नकोत, तीन तोळे सोनं लिहा, आणि मुअज्जल. होणाऱ्या सासऱ्यांचा चेहरा उतरला, "पोरीला आमच्यावर भरवसा नाही का?" काझीसाहेब रजिस्टर उघडून बसले होते. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "मागतेय ते तिचंच आहे," आणि लिहायला लागले.

तुमच्या घरात निकाह ठरत असेल, तर आदल्या दिवशी एवढं करा: निकाहनाम्यातला मेहरचा रकाना कोण भरणार आहे ते विचारा, आणि नवरीला तो सहीआधी वाचायला द्या. एक प्रत तिच्या कपाटात राहू दे. बहिणीची प्रत सासरच्या ट्रंकेत होती, ती काढून घ्यायला आम्हाला चार महिने लागले.