८० मुलांच्या वर्गात चर्चा घ्यायची कशी?

प्रश्न : बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात ८० मुलं. काही विचारलं की तीच चारजणं बोलतात, आणि पोर्शन मागे पडतो. मग सरळ व्याख्यानच दिलेलं काय वाईट?

उत्तर : विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली आला. नापास होण्याचं प्रमाण निव्वळ व्याख्यानात सुमारे ३४ टक्के, मुलं स्वतः चर्चा करतात, प्रश्न सोडवतात अशा सहभागी वर्गांत २२. तेव्हा व्याख्यान सोडू नका, पण तोडा.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत मोठ्या वर्गातही चालते. १०-१५ मिनिटं शिकवून चार पर्यायांचा एक प्रश्न टाका: वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? दीड मिनिट सगळे गप्प, मग एकदम अ-ब-क-डची कार्डं वर. (नुसते हात वर करायला लावलेत, तर मागचे पुढच्यांचं बघून करतात.) बरोबर उत्तरं ३० टक्क्यांखाली असतील तर पुन्हा समजवा, ७०च्या वर गेली तर पुढे चला. अधेमधे असतील तर वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला २-३ मिनिटं पटवू द्या आणि परत कार्डं मागा. तोवर उत्तर फोडू नका, नाहीतर चर्चा तिथेच संपते. चेंडूच्या प्रश्नाला बरेच जण 'शून्य' म्हणतात, कारण वेग शून्य असतो. त्वरण मात्र ९.८ मी/से²च, खालच्या दिशेने.

पोर्शनचं म्हणाल, तर व्याख्या नि सिद्धता घरून वाचून यायला सांगा. तासाला असे दोन प्रश्न पुरेत. नुसतं पाठांतर तपासणारे नकोत. त्यावर भांडायला काही उरत नाही.