मी समोर रडते, तरी यांना काहीच वाटत नाही

"इतकी वर्षं संसार केला आणि आता मी समोर बसून रडते तरी हे नुसते बघत राहतात. यांचं माझ्यावरचं प्रेम संपलं का हो?" फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदू झिजत जाऊन माणसाचं वागणंच बदलवणारा आजार, झालेल्या माणसाच्या घरच्यांशी बोलताना हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कुणी पहिल्याच भेटीत विचारतं, कुणाला तो ओठांवर यायला महिने लागतात.

सुनीताताई (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) माझ्याकडे आल्या त्या नवरा-बायकोतल्या बेबनावासाठी. आजाराचं नाव तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. नवऱ्याचं वय अठ्ठावन्न. आधी कुणीतरी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या होत्या. स्मरणशक्ती चांगली, हिशेब बरोबर, रस्ते पाठ. त्यामुळे घरच्यांनी निष्कर्ष काढला होता की माणूस मुद्दाम असा वागतोय. ताईंच्या भावाच्या निधनाचा फोन आला तेव्हा त्या जागच्या जागी खाली बसल्या. हे त्यांना ओलांडून पुढे गेले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "फोनवर माझा नुसता 'हॅलो' ऐकून काय झालं म्हणून विचारणारा माणूस होता हो हा," ताई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

ते शेजारच्याच खुर्चीत होते. मी त्यांना विचारलं, "ताईंना काय होतंय असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी मान वळवून बायकोकडे नीट, अगदी लक्ष देऊन पाहिलं. मग म्हणाले, "डोळे लाल झालेत. नाकातून पाणी येतंय. सर्दी असेल." आवाजात कुठेही टोचणी नव्हती, टाळाटाळही नव्हती. जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. त्यातून बायकोचं दुःख मात्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिथेच मी समुपदेशन थांबवलं आणि आधी न्यूरॉलॉजिस्टना भेटायला सांगितलं.

तपासण्यांमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी त्यांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. हसरा चेहरा त्यांनी बरोबर ओळखला. राग, भीती, किळस, दुःख या सगळ्यांना मात्र "गंभीर आहे" किंवा "काहीतरी बघतोय" हीच उत्तरं. या आजारात असं वारंवार दिसतं. आनंद ओळखण्याची क्षमता बरीच टिकते, नकारात्मक भावना आधी निसटतात. आणि प्रश्न फक्त चेहऱ्याचा नसतो, आवाजातला चढ-उतारही कळेनासा होतो.

हा आजार मेंदूच्या पुढच्या भागात आणि कानशिलांकडच्या भागात सुरू होतो, बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात. अल्झायमरमध्ये सहसा आधी विसराळूपणा येतो. यात, विशेषतः वागणूक बदलणाऱ्या प्रकारात, आधी स्वभाव बदलतो. समोरच्याचं दुःख बघून आपल्या पोटात कालवतं ना, त्या जाणिवेशी संबंधित इन्सुला नावाचा भाग यात लवकर झिजतो. भावनांची दखल घेणारा अमिग्डालाही झिजतो. उजव्या कानशिलामागचा भाग जास्त बाधित झाला असेल तर चेहरे आणि भावना ओळखणं आणखी अवघड जातं. सुरुवातीला एमआरआय नॉर्मलही येऊ शकतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे नाटक करतोय" असं म्हणून कृपा करून थांबू नका.

आता ताईंचाही असलेला तो प्रश्न, प्रेम संपलं का? "आतून त्यांचं प्रेम तसंच आहे, फक्त दाखवता येत नाही," असं सांगणं सोपं आहे. मी ते सांगत नाही, कारण या आजारात दुसऱ्याची भावना ओळखण्याबरोबर स्वतःचा भावनिक प्रतिसादही मंदावतो. त्यांच्या आत आज काय उरलंय हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगते: हे वागणं तुमच्याविरुद्ध नाही. मागच्या सगळ्या वर्षांवर ते कुठलाही निकाल देत नाही. ती वर्षं खरी होती. आजचा थंडपणा आजारातून आलाय.

म्हणून अश्रूंनी परीक्षा घेणं बंद करा, एवढंच मी ताईंना पहिल्यांदा सांगितलं. रुसून बसणं, अबोला धरणं, दार आपटणं यातलं काहीही त्यांना कळणार नाही आणि प्रत्येक वेळी तुम्हीच जास्त घायाळ व्हाल. टोमणा तर अजिबात नको. ताई एकदा वैतागून "वा, छान केलंत!" म्हणाल्या, तेव्हा त्यांनी ते कौतुक समजून तीच गोष्ट पुन्हा केली होती. उपरोध कळेनासा होणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. त्यापेक्षा भावना शब्दांत सांगायची आणि लगेच काय करायचं तेही. "मला वाईट वाटतंय. माझ्याजवळ बसा." "मी रागावलेय. आता थांबा." छोटी वाक्यं, एका वेळी एकच गोष्ट. ताई म्हणाल्या, "मागून मिळालेल्या जवळिकीला काय अर्थ?" ही सल खरी आहे आणि मी ती खोडून काढली नाही. माणूस समोर असताना त्याच्यासाठी शोक करावा लागतो, हा या आजाराचा सर्वांत क्रूर भाग आहे असं मला वाटतं. म्हणूनच मन मोकळं करायला दुसरं माणूस हवंच. ताईंनी ती जागा बहिणीला दिली. रोज रात्री दोघी फोनवर बोलतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात उशिरा येते. समोरच्याचा हेतू ओळखता येत नसल्याने असा माणूस सहज फसवला जातो. बँकेचे व्यवहार, सह्या, फोनवरून येणाऱ्या योजना यांवर लवकर लक्ष ठेवा. लहान मूल घाबरलंय की खेळतंय हेही त्यांना कळेलच असं नाही, त्यामुळे मुलांना एकट्या त्यांच्या भरवशावर सोडू नका.

हे वाचून प्रत्येक अबोल नवऱ्याला हा आजार चिकटवू नका. जो आयुष्यभर तसाच आहे, तो त्याचा स्वभाव. पूर्वी समजून घेणारा माणूस हळूहळू बदलत गेला आणि बदल वाढतच चालला, तर मात्र तपासणी हवी. आजार बरा करणारं किंवा त्याची गती रोखणारं औषध आजमितीला नाही. काही त्रासदायक वागण्यावर औषधांनी थोडा आराम मिळतो. अल्झायमरची नेहमीची औषधं यात उपयोगी पडत नाहीत, कधी त्रास वाढवतातही, म्हणून मनाने काहीही सुरू करू नये.

ताई अजून येतात. मागच्या भेटीत मुलगीही आली होती. "मलाही होईल का?" हे तिने आईसमोर विचारलं नाही, आई बाहेर गेल्यावर विचारलं. काही कुटुंबांत हा आजार जनुकांतून येतो, अनेकांत तसं काही सापडत नाही. तपासणीची घाई करण्याआधी तिने जनुकीय समुपदेशकाशी बोलावं, आणि निकाल हाती आला तर त्याचं काय करायचं याचा विचार आधी करावा, असं आमचं ठरलंय. तिचं ते बोलणं अजून व्हायचंय.