गाडी नाही, टॅक्सी नको. पाचगणी-महाबळेश्वरची शेतं आणि गावं नुसत्या एसटीने बघता येतील का?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत तुम्ही आणि तुमची ६८ वर्षांची आई पुण्याहून तीन दिवस जाणार, पॉइंट आधीच बघून झालेत, आता स्ट्रॉबेरीची शेतं बघायची आहेत आणि सगळं एसटीवर भागवायचं आहे. भागेल. शेतीच बघायची तर टॅक्सीपेक्षा बरं भागेल, कारण टॅक्सीवाल्याचा दर पॉइंटांच्या यादीवर ठरलेला असतो आणि त्या यादीत कुणाचं शेत नसतं. मी साताऱ्याकडचा, या भागात एसटीनेच फिरत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी गाड्यांच्या वेळांचं गणित समजून घ्या. पुण्या-मुंबईच्या गाड्या सोडल्या तर महाबळेश्वर आगाराच्या गावोगावच्या फेऱ्या पर्यटकांसाठी नाहीतच. हे तालुक्याचं ठिकाण. सकाळी खेड्यांतली माणसं शाळा, तहसील, दवाखाना, बाजार यासाठी वर येतात, दुपारनंतर आपापल्या गावी परततात. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. त्यामुळे चौकशीच्या खिडकीवर 'गाडी किती वाजता?' एवढं विचारून चालत नाही, 'ती परत कधी फिरते?' हेही विचारायचं. संध्याकाळची शेवटची गाडी बऱ्याचदा मुक्कामी असते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघते. तिने गेलात तर तुमचाही मुक्काम तिथेच! फलकावरच्या वेळेपेक्षा त्या मार्गावरच्या कंडक्टरचा शब्द खरा माना.

स्वारगेटहून महाबळेश्वरच्या थेट गाड्या आहेत, साधारण १२० किलोमीटर. शनिवार-रविवार टाळा, नाहीतर आरक्षण करा. थेट गाडी नाही मिळाली तर वाईपर्यंत या, तिथून वर जायला एसटीही मिळते आणि वडापही (माणशी भाडं घेणारी जीप). मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुम्हा दोघींचं मिळून एकच पडेल. आईंचं आधारकार्ड तरी जवळ असू द्या. 'आवडेल तेथे प्रवास'चा चार दिवसांचा पास काढायचा सल्ला कुणीतरी देईलच, पण एवढ्याशा फेरीत तो वसूल होत नाही. पुढे कोकणात उतरणार असाल तर गोष्ट वेगळी.

वाई सुटली की पसरणी घाट. (शाहीर साबळे याच पसरणीचे.) या टप्प्यात आईंना खिडकीची जागा द्या, खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. घाटातल्या गाडीत कान उघडे ठेवले तर बरंच कळतं. एकदा वाईच्या स्टँडवर एका माणसाने ठिबकच्या जोडण्यांची पिशवी आमच्या ड्रायव्हरकडे दिली, 'गुरेघरला पोरगं उभं असंल, तेवढं द्या.' गुरेघरला खरंच एक पोरगं उभं होतं. गाडी पुरती थांबलीही नाही, पिशवी खिडकीतून खाली गेली आणि कंडक्टरने डबल घंटी मारली.

मुक्काम पाचगणीत करा, महाबळेश्वरात नको. पाचगणी ते महाबळेश्वर हा वीसेक किलोमीटरचा रस्ता हाच तुमचा खरा मुक्काम. भोसे, गुरेघर, मेटगुताड रस्त्यावरच, भिलार आणि कासवंड थोडी आत. या रस्त्यावर दिवसभर गाड्यांची ये-जा असते, त्यामुळे वर सांगितलेली परतीची भानगड इथे नाही. सकाळी लवकर निघा. फळ नाजूक, उन्हं चढायच्या आत तोडणी उरकतात आणि लगेच डब्या भरायला बसतात. तुम्ही अकराला पोचलात तर नुसती पानं बघाल.

शेतात काय बघाल? काळ्या मल्चिंग पेपरने (म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने) झाकलेले गादीवाफे, पेपरला पाडलेल्या भोकांतून वर आलेली रोपं, खाली ठिबकची नळी. लावण सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. एवढ्या पावसात स्ट्रॉबेरीचं रोप टिकणार कसं? म्हणून परदेशातून आणलेल्या मातृरोपांपासून नवी रोपं करण्याचं काम बरेच जण खाली वाईच्या बाजूला करतात आणि मग रोपं वर आणून लावतात. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. बांधावरून आवाज द्या, विचारल्याशिवाय वाफ्यांत पाय घालू नका. विचारलं की बहुतेक ठिकाणी 'या की' म्हणतात आणि हातावर चार फळं ठेवतात. विकत घेताना मात्र डबी उलटी करून बघा, वरचा थर सगळीकडेच चांगला असतो.

भिलारला अर्धा दिवस द्या. फाट्यावर उतरून चालत जाता येतं, पण आईंसाठी पाचगणीतून रिक्षा किंवा वडाप बघा. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने ते 'पुस्तकांचं गाव' केलं, तेव्हा २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० पुस्तकं ठेवली. ही ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं, देऊळ, शाळा वगैरे. ओसरीवर बसून वाचा, कुणी उठवत नाही. मला स्वतःला पुस्तकांपेक्षा त्या ओसरीवरून दिसणारं घरामागचं शेत जास्त आवडतं, पण ती आवड झाली.

स्ट्रॉबेरीच्या नादात गाजर, लाल मुळा, फरसबी विसरू नका. ही शेती इथे जुनी आहे. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी होते, बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांनी पिकवले. चायनामन धबधब्याचं नाव त्यावरूनच.

तिसरा दिवस तापोळ्याला. महाबळेश्वरहून एसटी खाली उतरत कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी जाते. पर्यटक तिथे बोटिंग करतात, गावकऱ्यांसाठी लाँच हीच एसटी आहे, पलीकडच्या गावांची माणसं तिनेच ये-जा करतात. परतीची गाडी विचारायचा नियम इथे सगळ्यात जास्त लागू. डबा सोबत घ्या.

क्षेत्र महाबळेश्वर बाजारपेठेपासून सहा किलोमीटरवर, तिथेही एसटीने जमतं. पुढे आर्थरसीटला मात्र टॅक्सीच करावी लागेल, त्याला इलाज नाही. प्रतापगडासाठी हंगामात आगारातूनच दर्शन-गाडी सुटते, आदल्या दिवशी चौकशी करा.

परतताना पाचगणीला गाडी बहुधा महाबळेश्वरहूनच भरून येते, तेव्हा आरक्षण नसेल तर उलटं वर जाऊन महाबळेश्वर स्टँडवरच जागा पकडा. आणि घरी न्यायच्या डब्या वरच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर घ्या. पसरणीच्या वळणांत वरची स्ट्रॉबेरी खाली बसलेल्याच्या शर्टावर गळते आणि मग स्वारगेटपर्यंत त्याचं ऐकून घ्यावं लागतं.