नवा पाम आला, जुन्यातलं सामान हलवताना

प्रश्न : पाम हा खिशातला छोटा संगणक. माझ्याकडे त्यातला एम505 होता, आता टंगस्टन ई घेतला. पत्ते, डेटबुक (भेटीगाठींची डायरी) आणि वीसेक प्रोग्राम नव्यात न्यायचे होते. वापरकर्त्याचं जुनंच नाव निवडून हॉटसिंक (पाम पीसीला जोडून दोन्हीकडची माहिती जुळवणं) केलं, तर नवा पाम चालू होता होता पुन्हा पुन्हा रीसेट होतोय. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पत्ते आणि डेटबुक एकदम जातात, त्यांचा दोष नाही. घोळ प्रोग्रामांचा आहे. कोऱ्या यंत्राला जुनं नाव दिलं की हॉटसिंक पीसीवरच्या 'बॅकअप' फोल्डरमधलं सगळं त्यात ओततं. त्यात एम505 च्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे पाम ओएस 4 ची 'सेव्हड प्रेफरन्सेस' (सेटिंग्जची) फाइल असते, आणि एक्स-मास्टर या प्रोग्रामवर चालणारे हॅक (ओएसचं वागणं बदलणारे छोटे प्रोग्राम) असतील तर तेही. एम505 मध्ये मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर आहे, टंगस्टन ई मध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर. साधे जुने प्रोग्राम टंगस्टन ई मधली ओएस 5 एम्युलेट करून, म्हणजे जुन्या प्रोसेसरची नक्कल करून चालवते. हॅक मात्र थेट ओएसच्या पोटात हात घालतात, त्यांना तिथे थारा नाही.

जुना पाम अजून चालू असेल तर आधी त्याचं शेवटचं हॉटसिंक करा आणि पत्ते पीसीवरच्या पाम डेस्कटॉप या प्रोग्राममध्ये दिसतात का ते बघा. मग नव्या सीडीवरचं पाम डेस्कटॉप टाकलेलं नसेल तर टाका. टंगस्टन ई ला मिनी-यूएसबीची केबल लागते, एम505 चं क्रेडल (पाम उभा ठेवून जोडायचा स्टँड) चालत नाही.

आता पीसीवर 'पाम' फोल्डरमध्ये तुमच्या आडनावाच्या अक्षरांचा एक फोल्डर असेल. त्यातल्या 'बॅकअप'चं नाव बदलून 'बॅकअप-जुना' करा. ही पायरी गाळली तर बाकीचं सगळं फुकट.

नव्या पामला हार्ड रीसेट (सगळं पुसून कोरा करणं) द्या : पॉवरचं बटण दाबून धरा, पाठीवरचं रीसेट दाबून सोडा, पामचा लोगो दिसला की पॉवर सोडा. सगळी माहिती पुसू का, असं विचारेल. पुढच्या दिशादर्शक बटणाची वरची बाजू दाबून होकार द्या. हॉटसिंक मॅनेजरच्या 'कस्टम'मध्ये पत्ते, डेटबुक, टू-डू आणि मेमो यांना 'डेस्कटॉप ओव्हरराइट्स हँडहेल्ड' लावा. मग हॉटसिंक करून यादीतून जुनं नाव निवडा.

प्रोग्राम 'बॅकअप-जुना'मधून तीन-चारच्या गटाने डबल-क्लिक करून चढवा. प्रत्येक हॉटसिंकनंतर ते उघडून बघा. बिघडलं तर गुन्हेगार त्या तीन-चारातच सापडतो. प्रोग्रामच्या पीआरसी फायलीबरोबर त्याच्या माहितीच्या पीडीबी फायलीही घ्या, नाहीतर प्रोग्राम उघडेल पण आत रिकामा. प्रेफरन्सेस, ग्राफिटी (पामवर काडीने अक्षरं काढायची लिपी) शॉर्टकट्स, एक्स-मास्टर आणि हॅक यांना हात लावू नका. शॉर्टकट नव्याने लिहिलेले बरे, तसंही नव्या पाममधल्या ग्राफिटी 2 मुळे काही अक्षरं वेगळी काढावी लागणारच.

प्रश्न : पैसे भरून घेतलेला शब्दकोश नव्या पामवर पुन्हा कोड मागतोय. (एक वाचक, सांगली)

उत्तर : असे बरेच कोड हॉटसिंकच्या नावावरून काढलेले असतात. हॉटसिंकच्या पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात नाव असतं. दोन्ही पाम शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. नाव आणि आडनाव यांत एक जागा जास्त पडली तरी कोड नाकारला जाऊ शकतो. नाव तंतोतंत तेच असेल तर जुनाच कोड टाका, नवा विकत घेऊ नका.

प्रश्न : मग जुना पाम त्याच नावाने धाकट्या भावाला दिला तर? (तेच वाचक)

उत्तर : मुळीच नको. कुठली नोंद बदलली याची खूण हॉटसिंक नावागणिक ठेवतं, यंत्रागणिक नाही. पीसीवर केलेला बदल जो पाम आधी जोडला त्याच्यात जातो आणि खूण पुसली जाते. दुसऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट भावाने एखादा नंबर खोडला की तो तुमच्या पीसीवरूनही जाईल. जुन्याला हार्ड रीसेट करा, पुढच्या हॉटसिंकला भावाचं नवीन नाव तयार करा. जुन्या पाममध्ये मेमरी कार्ड असेल तर ते मात्र आधी काढून घ्या, हार्ड रीसेटने त्यावरचं काहीच पुसलं जात नाही.